रुआबांध्याचं घर आणि एक जर्मन आडनाव

नागपूरहून दुर्गकडे जाणारी गाडी डोंगरगडला थांबली की अर्धा डबा खिडकीतून डोंगराकडे बघून बमलेश्वरीला हात जोडतो. मग राजनांदगाव, त्यानंतर शिवनाथ नदीचा पूल आणि दुर्ग. चार-एक तासांचा हा प्रवास मी लग्नानंतर किती वेळा केला असेल, मोजलेलं नाही. माहेर आहे ना तिथे! भिलाईच्या रुआबांध्यात माझ्या दादाचं घर आहे. बाबाही तिथेच असतात. आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत.

गेल्या डिसेंबरात मी गेले ती एका खास कामासाठी. माझा भाचा जर्मनीतून येणार होता आणि त्याच्याबरोबर त्याची होणारी बायको. लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवायचा होता. काम एवढंसं. पण त्या एका कागदाने आमच्या घरात चार दिवस जो गोंधळ घातला आणि त्यातून जे बाहेर आलं, ते सांगायला हे लिहिते आहे.

नाव राखून बसलेला सेक्टर

तुम्ही भिलाईला गेला नसाल, तर आधी जागा समजून घ्या. पोलाद कारखान्याची ही वसाहत आखून-मोजून बांधलेली आहे. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, सारखी घरं. बहुतेक सेक्टरना फक्त आकडे आहेत. सेक्टर एक, सेक्टर चार, सेक्टर दहा. पत्ता विचारला की लोक आकडा सांगतात.

रुआबांध्याला मात्र आकडा नाही. जुनं नाव वसाहतीलाही तसंच राहिलं. 'बांध' हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही. पाणी अडवायला घातलेली मातीची भिंत. छत्तीसगढच्या गावांत असं बांध घालून केलेल्या तळ्याला बांधा म्हणतात. धानाचा मुलूख आहे हा, तळ्याशिवाय गाव नाही.

हिवाळ्यात इथली सकाळ फार छान असते. भाजीवाल्या तिवऱ्याची भाजी, चना भाजी, लाल भाजीच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. रात्री कधी कधी कारखान्याच्या बाजूचं आभाळ लालसर होतं. लहानपणी आम्ही त्याला 'दुसरा सूर्यास्त' म्हणायचो. तो उजेड असतो भट्टीतून निघालेल्या तापलेल्या मळीचा.

आम्ही इथे कसे आलो?

भिलाईत इतकी मराठी माणसं कशी, असं नागपूरबाहेरचे लोक मला नेहमी विचारतात. मराठी माणूस इथे आजचा नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगढवर होतं आणि बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघत. पण आमच्यासारखी कुटुंबं आली ती कारखान्यामुळे.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते, जुन्या मध्य प्रदेशात. आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, भंडारा तिकडे मुंबई राज्यात गेला. कागदावर सीमा आखली गेली, पण रेल्वे तीच होती आणि रोजगाराची बातमी त्याच रेल्वेने गावागावात पोचत होती.

बाबा १९५८ मध्ये आले. वय एकोणीस. भंडारा जिल्ह्यातल्या गावातून, एक पत्र्याची पेटी घेऊन. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, तेव्हा बाबा गर्दीत कुठेतरी मागे उभे होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला शंभर वेळा सांगितली आहे.

आमचं आडनाव गावाच्या नावापुढे 'कर' लावून झालेलं. महाराष्ट्रात शेकडो असतात तसं. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं आम्हा भावंडांना कधी वाटलंच नव्हतं.

'तुमच्या आडनावाचा अर्थ काय?'

भाचा आखेनला धातुशास्त्र शिकला आणि आता ऱ्हाईन नदीकाठच्या पोलादी पट्ट्यात नोकरी करतो. भिलाईच्या पोराने दुसरं काय शिकायचं! त्याची होणारी बायको तिकडचीच. आडनाव श्मिट.

पहिल्याच संध्याकाळी वहिनीने गरम फरे केले होते. मुलगी हाताने नीट खात होती, मध्येच 'आत्या, पाणी' असं मराठीतून म्हणत होती. बोलता बोलता मी विचारलं, "श्मिट म्हणजे काय गं?"

ती इंग्रजीत म्हणाली, "लोखंडाचं काम करणारा. माझ्या पणजोबांपर्यंत खरंच सगळे तेच करत होते."

"म्हणजे लोहार," भाचा म्हणाला.

तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. लोहार. लोहार. तिला तो आवडला. मग अगदी सहज बाबांकडे वळून तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या आडनावाचा अर्थ काय?"

भाच्याने मराठीत सांगितलं. बाबांनी ऐकलं. हातातला फरा ताटात ठेवला, पाणी प्यायले आणि उठून आतल्या खोलीत गेले. आम्हाला वाटलं, थकले असतील.

गावात एकच असायचा

त्या रात्री भाच्याने मला या आडनावाची सगळी कुंडली सांगितली. मला ती इतकी आवडली की तुम्हालाही सांगते.

जर्मन भाषेच्या मुलखात आडनावं पक्की होत गेली ती साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात, आधी शहरांत आणि मग खेड्यांत. एकाच नावाची दहा-दहा माणसं झाली की ओळखायचं कसं? मग कुणाला बापाच्या नावावरून, कुणाला गावावरून, कुणाला रंगरूपावरून आणि कुणाला धंद्यावरून हाक मारू लागले. तीच हाक पुढे घराण्याला चिकटली.

आज जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव म्युलर, म्हणजे धान्य दळणारा. दुसऱ्या क्रमांकावर श्मिट. याच शब्दाची भावंडं प्रदेशाप्रमाणे बदलतात: दक्षिणेकडे आणि स्वित्झर्लंडमध्ये श्मिड, कोलोनच्या आसपास श्मिट्स, हॉलंडमध्ये स्मिट. इंग्रजांचा स्मिथ हाही त्यातलाच, आणि इंग्लंड-अमेरिकेत तर तो पहिल्या क्रमांकाचा. मुळातला जुना जर्मानिक शब्द हातात कसब असलेल्या कारागिराचा. पुढे तो धातूचं काम करणाऱ्याला पक्का झाला.

मी म्हटलं, "अरे, पण शेतकरी तर लोहारांपेक्षा कितीतरी जास्त असतील. मग लोहाराचं आडनाव एवढं कसं पसरलं?"

त्याने दिलेलं उत्तर मला अजून पुरतं आहे. गावात शेतकरी सगळेच असतात, म्हणून 'शेतकरी' म्हणून हाक मारून माणूस ओळखू येत नाही. लोहार मात्र गावात एकच. 'लोहाराकडे जा' म्हटलं की पत्ता संपला. आणि नांगराचा फाळ, कुऱ्हाड, घोड्याचा नाल यांच्यावाचून कुठल्याच गावाचं चालत नाही. म्हणजे प्रत्येक गावात एक लोहार आणि प्रत्येक गावात तेच नाव.

जगभर हेच झालं आहे. पोलंडमधला कोवाल्स्की, हंगेरीतला कोवाच, इटलीतला फेरारी, अरबांमधला हद्दाद, सगळे लोखंडाच्या घरचे. आणि रशियातला कुझनेत्सोव! भिलाई उभारायला आलेल्या रशियन इंजिनिअरांसाठी इथे वेगळी वसाहत होती. त्यांच्यात कुणी कुझनेत्सोव असला, तर एका लोहाराने येऊन दुसऱ्या लोहारांच्या देशात भट्टी बांधली म्हणायची.

बाकीची जर्मन आडनावंही मग आम्ही मराठीत बसवत गेलो आणि हसत सुटलो. श्नायडर म्हणजे शिंपी. त्सिमरमान म्हणजे सुतार. शेफर म्हणजे धनगर. वेबर म्हणजे विणकर, आपल्या भंडारा-नागपूरकडचा कोष्टी. फिशर म्हणजे ढीवर. आणि शुल्त्स म्हणजे गावाकडून वसुली करणारा मुख्य माणूस, अर्थात पाटील!

आपला 'लोहार' हा शब्दही असाच चालत आलेला आहे. संस्कृतातला लोहकार झिजून लोहार झाला, जसा सुवर्णकाराचा सोनार आणि कुंभकाराचा कुंभार.

हे सगळं बोलणं शेजारच्या खोलीत बाबा ऐकत होते. ते आम्हाला नंतर कळलं.

पत्रिकेवर काय छापायचं?

दुसऱ्या दिवशी पत्रिकेचा कागद पुढे आला आणि वातावरण बिघडलं.

लग्नानंतर नाव काय, असा प्रश्न दादाने विचारला. त्याच्या मनात उत्तर एकच होतं. भाचा म्हणाला, जर्मनीत नवरा-बायको आपापलं आडनाव ठेवू शकतात, किंवा दोघांपैकी कुणाचंही एक निवडू शकतात. १ मे २०२५ पासून तर दोन्ही आडनावं जोडून दोघांना घेता येतात. "आणि खरं सांगू का बाबा, मी श्मिट घ्यायचा विचार करतोय. आपलं आडनाव तिकडे कुणाला धड लिहिता येत नाही."

दादा काही बोलला नाही. कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि स्कूटर काढून बाहेर गेला. संध्याकाळी परतला तेव्हा एवढंच म्हणाला, "या घराचं नाव तुझ्यापाशी संपणार असेल, तर पत्रिकेवर माझं नाव कशाला टाकता?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी. ती मुलगी बिचारी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते आहे. तिला वाटलं, तिचंच काहीतरी चुकलं. ती मला हळूच म्हणाली, "आत्या, मला त्याचं नाव बदलायला नकोच आहे. मला फक्त माझं सोडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पोरांना मोकळं करावं म्हणून मी त्यांना मैत्रीबागेत घेऊन गेले. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने केलेली ही बाग आणि प्राणिसंग्रहालय, भिलाईच्या प्रत्येक मुलाचं बालपण इथे गेलेलं असतं. तिथे फिरताना तिने मला तिकडच्या बागेचं सांगितलं. ड्युसबर्ग शहरात पोलादाचा एक जुना कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. तो पाडला नाही. त्याच्याभोवती बाग केली. आता लोक जुन्या झोतभट्टीच्या टोकापर्यंत चढून जातात आणि वरून शहर बघतात. "भट्टी थंड झाली," ती म्हणाली, "पण आमच्याकडे अजून प्रत्येक रस्त्यावर एखादा श्मिट राहतो."

पेटीतली सांडशी

त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी सगळ्यांना बसवलं. आपली १९५८ ची पत्र्याची पेटी त्यांनी दादाला पलंगाखालून ओढायला लावली. सगळ्यांत खालून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू निघाली. लोखंडी सांडशी. तापलेला तुकडा ऐरणीवर धरायची, लांब दांड्यांची. टोकाला झिजलेली.

"हे माह्या बापाची," बाबा म्हणाले.

आमचे आजोबा गावचे लोहार होते. हे आम्हाला माहीतच नव्हतं. मी साठीला टेकले, दादा सेवानिवृत्त झाला, आणि आम्हाला आपल्या आजोबांचा धंदा ठाऊक नव्हता! आम्हाला एवढंच सांगितलं होतं की गावी थोडी शेती होती.

मग बाबा तासभर बोलले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिता येणार नाही, सार सांगते. लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, गाड्यांच्या धावा दुरुस्त करायच्या आणि हंगाम आला की खळ्यावर जाऊन धानाचा वाटा घ्यायचा. आजोबांबरोबर खळ्यावर टोपली घेऊन उभं राहावं लागे. कुणी लगेच देई. कुणी दुपारभर उभं करी. शाळेत नावाची हजेरी होई तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी भात्यासारखा आवाज काढी आणि वर्ग हसे.

म्हणून भिलाईत भरतीच्या टेबलासमोर कारकुनाने नाव विचारलं, तेव्हा एकोणीस वर्षांच्या त्या मुलाने आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं आणि पुढे गावाला 'कर' जोडून टाकला. तेव्हा मागे-पुढे बघणारं कुणी नव्हतं. एका श्वासात लोहार संपला.

"आनि नोकरी कुठं भेटली?" बाबा स्वतःच हसले. "फोर्ज शॉपमधी!"

म्हणजे लोखंड तापवून ठोकायचंच काम. फक्त हातोडा यंत्राचा. आजोबा एकदा भिलाईला आले होते, तेव्हा बाबांनी त्यांना गेटपर्यंत नेलं. धुराड्यांकडे बघून ते म्हणाले होते, "एवढा मोठा भाता!" जाताना त्यांनी ही सांडशी दिली. आडनावाचं त्यांना कळलं होतं का, ते बाबांनी कधी विचारलं नाही. आजोबांनीही विषय काढला नाही.

खोलीत कुणी हलत नव्हतं. भाचा हळू आवाजात सगळं तिला सांगत होता. ती उठली, तिने दोन्ही हात पुढे केले आणि बाबांनी सांडशी तिच्या हातात दिली. तिने ती बरोबर धरली.

मग बाबा दादाकडे वळले. "तू पोरावर कायले रागवतोस? मी तवा कोनाले इचारलं होतं?"

काळा पाहुणा आणि लोहारा गाव

परत येताना गाडीत मी याच गोष्टीचा विचार करत होते. या मुलखाचा आणि लोखंडाचा संबंध कारखान्यापेक्षा फार जुना आहे. मध्य भारतातले आगरिया लोक पिढ्यानपिढ्या मातीच्या छोट्या भट्ट्यांत, पायाने भाते दाबून लोखंड गाळत आले. लोहासुराला मानत आले. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर पुस्तकच लिहिलं.

आणि गंमत बघा. आपल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा नावाचं गाव आहे. तिथल्या लोखंडाबद्दल १८८२ मध्ये एक अहवाल लिहिला गेला आणि तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचा विचार पक्का झाला. तो लिहिणाऱ्याचं नाव रिटर फॉन श्वार्त्झ. श्वार्त्झ म्हणजे काळा! आपल्याकडच्या 'काळे' आडनावाचा जर्मन भाऊच. वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासला, तो पोलादासाठी चालण्यासारखा निघाला नाही आणि ते काम तिथे राहिलं. पुढे दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयातल्या भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाची खूण दिसली. तिथून ते दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत गेले. टाटांचा कारखाना अखेर दुसरीकडे झाला, पण त्याच दल्ली-राजहराचं, भिलाईपासून सुमारे ९० किलोमीटरवरचं लोखंड पुढे भिलाईच्या भट्ट्यांना पुरलं.

आपल्या 'कर' आडनावांचंही मला तेव्हा नव्याने कळलं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कुणी हाक मारत नाही. तिथे सगळेच त्या गावचे. 'कर' लागतो तो गाव सोडल्यावर. म्हणजे गावात होतो तोवर आम्ही लोहार होतो, कारण गावात लोहार एकच. भिलाईत आम्ही अमुक गावकर झालो, कारण त्या गावातून आलेले इथे आम्हीच. दोन्ही नावं खरी होती. एक हाताच्या कामाचं, एक सोडलेल्या घराचं. एक लपवलं गेलं, एवढंच.

शेवटी काय ठरलं?

दोघांनीही आपापलं आडनाव ठेवायचं ठरवलं. ती श्मिट राहणार. भाचा 'कर' राहणार, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे आता त्याला त्याचं स्पेलिंग लोकांना शिकवायला आवडेल. मुलंबाळं झाली की काय, ते त्यांचं ते बघतील. दादाने खिशातला कागद काढून दिला.

पत्रिका छापून आली ती गेल्या आठवड्यात. मी ती हातात घेऊन आधी खालची ओळ वाचली. आप्तेष्टांच्या यादीत सर्वांत वर बाबांचं नाव आहे. त्यापुढे सदुसष्ट वर्षं वापरलेलं आडनाव. आणि त्यापुढे कंसात, बाबांनी स्वतः सांगून घातलेला एक शब्द: (लोहार).

छापखान्यातल्या मुलाने म्हणे दादाला विचारलं होतं, "हे राहू द्यायचं, की चुकून आलंय?"

दादा म्हणाला, "राहू दे."

वाचकहो, तुमच्या घरात ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल, तर एकदा जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि आपल्या आडनावाची गोष्ट विचारा. पलंगाखालची पेटी उघडायला कदाचित ते तुमच्या विचारण्याचीच वाट बघत असतील.